आपलेंच रक्त आपल्या कामीं

घरांत कोणावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची ठरली म्हणजे तारीख, खर्च आणि शस्त्रवैद्याचें नांव यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हटकून निघतो : रक्त किती लागेल, आणि तें कोण देईल ? अलीकडे या प्रश्नाला आणखी एक जोड मिळाली आहे. डेंग्यूच्या तापानें ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरीं पोंचविला, आणि रक्ताबरोबर प्लेटलेटचीहि चौकशी होऊं लागली. परंतु शस्त्रक्रिया चालू असतां रुग्णाच्या अंगांतून जें रक्त वाहतें तें जातें कोठें, आणि तें त्याचें त्यालाच परत देतां येणार नाहीं काय, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो.

वस्तुतः या प्रश्नाचें उत्तर वैद्यकानें बऱ्याच अंशीं दिलेलें आहे. वाहिलेलें रक्त गोळा करून, धुऊन, पुन्हां रुग्णाच्या शिरेंत सोडणारीं यंत्रें आज अनेक मोठ्या रुग्णालयांत आहेत. त्याच जातीच्या यंत्रानें रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट, म्हणजे मराठींत ज्यांस बिंबाणू म्हणतात ते, शस्त्रक्रियेच्या आरंभीं वेगळे काढून ठेवतात आणि शेवटीं त्याचे त्याला परत देतात. ही युक्ति काय आहे, तिची गरज कां पडते, तिच्यापासून काय अपेक्षा करावी आणि काय करूं नये, याचा विचार सुशिक्षित कुटुंबानें आधींच करून ठेवणें हिताचें आहे. कारण ज्या दिवशीं निर्णय घ्यावा लागतो त्या दिवशीं मन ठिकाणावर नसतें.

मावळासारख्या प्रदेशास तर हा विषय अगदीं जवळचा आहे. मावळ पुणें आणि मुंबई या दोन शहरांच्या वाटेवर वसलेला. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, आणि २००२ मध्यें द्रुतगति मार्ग पुरा झाला. लोणावळ्यास नौदलाचें ‘कस्तुरी’ हें रुग्णालय आहे. तळेगांव दाभाडे येथें १९९५ मध्यें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तरी हृदयाची किंवा मोठ्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया म्हटली कीं वडगांव, कामशेत, मळवली येथील माणसास बहुधा पुण्याची अथवा मुंबईची वाट धरावी लागते. लोणावळ्याहून पुणें सुमारें ६५ किलोमीटर. एरवीं हें अंतर फारसें नाहीं. पण जेथें वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथें आषाढांतल्या एखाद्या रात्रीं तेंच अंतर फार मोठें वाटूं लागतें.

त्यांत रक्ताच्या निरनिराळ्या भागांचें आयुष्य सारखें नसतें. तांबड्या पेशी थंड कपाटांत २ ते ६ अंश सेल्सिअस उष्णतामानावर ठेवल्या असतां ३५ ते ४२ दिवस टिकतात. म्हणून त्यांचा सांठा करतां येतो आणि तो दूरवर नेतांहि येतो. बिंबाणूंचें तसें नाहीं. त्यांना थंडी सोसत नाहीं. २० ते २४ अंशांवर, अखंड हलत राहणाऱ्या फळीवर त्यांच्या पिशव्या ठेवाव्या लागतात, आणि तेवढें करूनहि ते सामान्यतः पांचच दिवस कामाचे राहतात. त्यांतला कांहीं वेळ तपासणींत जातो. म्हणून मोठ्या शहरांतल्या रक्तपेढीसहि बिंबाणूंचा भरपूर सांठा बाळगतां येत नाहीं. मग लहान गांवाची गोष्ट बोलावयास नको. जी वस्तु सांठवितां येत नाहीं ती जपून वापरावी, हा व्यवहाराचा नियम येथेंहि लागू पडतो.

बिंबाणू म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. रक्त डोळ्यांस एकजिनसी तांबडें दिसतें, पण तें तसें नाहीं. त्यांतला निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रव या पिवळसर पाण्याचा असतो, आणि त्यांत तीन प्रकारचे कण तरंगत असतात. तांबड्या पेशी प्राणवायु वाहून नेतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं झुंजतात. आणि तिसरे हे बिंबाणू. ते पूर्ण पेशी नव्हेत. हाडांतील मगजांत ज्या प्रचंड पेशी असतात त्यांचे तुटून निघालेले ते कपटे होत. तांबडी पेशी रुंदीला सात-आठ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सात-आठ हजारांश भाग; बिंबाणू अवघा दोन-तीन. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, बिंबाणू आठ-दहा दिवस. त्यांचें कार्य काय, हें इटलींतील जूलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञानें १८८२ च्या सुमारास स्पष्ट करून दाखविलें.

तें कार्य मावळांतील शेतकऱ्याला चटकन समजेल असें आहे. मुसळधार पावसांत भातखाचराचा बांध फुटला म्हणजे शेतकरी आधीं हाताशीं असतील ते दगड, चिखल व गवताचे पेंढे त्या भगदाडांत कोंबतो. पाण्याचा लोंढा थोपला म्हणजे मग सवडीनें बांध पक्का करतो. रक्तवाहिनी कोठें फाटली कीं जवळून वाहणारे बिंबाणू त्या जागीं चिकटतात, आपला आकार पालटतात, रासायनिक हांक देऊन आणखी सोबती बोलावतात, आणि त्यांचा एक बोळा त्या छिद्रांत बसतो. नंतर रक्तद्रवांतील तंतूंचें जाळें त्या बोळ्याभोंवतीं विणलें जातें व गांठ पक्की होते. बिंबाणू नसतील तर जाळें विणावयास आधारच राहत नाहीं.

निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तांत दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या अंगांत सुमारें सव्वाचार लिटर रक्त असतें. दर घनमिलिमीटरास अडीच लाख धरले तर त्याच्या सर्व रक्तांत मिळून सुमारें एक लाख कोटी बिंबाणू भरतात. उलट, रक्तस्राव थांबविण्यासाठीं प्रौढ रुग्णास एका वेळीं द्यावयाची मात्रा साधारण ३० हजार कोटींची. आणि एका दात्याच्या रक्ताच्या पिशवींतून निघतात फार तर पांच-साडेपांच हजार कोटी. म्हणजे एका मात्रेसाठीं पांच-सहा दाते लागतात. अथवा एकाच दात्याला यंत्रावर बसवून त्याचे बिंबाणू तेवढे काढून घ्यावे लागतात. हे आंकडे ध्यानांत ठेवले म्हणजे पुढची युक्ति कशासाठीं निघाली हें उलगडेल.

रुग्णाचें रक्त रुग्णालाच देण्याची कल्पना नवी नाहीं. लंडनमध्यें जेम्स ब्लंडेल या वैद्यानें १८१८ मध्यें माणसाचें रक्त माणसाला देण्याचा प्रयोग केला. पण त्या काळीं रक्तगटांचें ज्ञान नव्हतें, त्यामुळें परक्याचें रक्त कधीं तारी तर कधीं मारी. १८८६ मध्यें एडिंबरोच्या जॉन डंकन यांनीं एक हकीकत प्रसिद्ध केली. आगगाडीच्या अपघातांत चिरडलेल्या एका माणसाचा पाय कापावा लागला. त्या वेळीं गळणारें रक्त त्यांनीं भांड्यांत धरलें, तें गोठूं नये म्हणून त्यांत क्षाराचें द्रावण मिसळलें, आणि त्याच रुग्णाच्या शिरेंत परत घातलें. रुग्ण वांचला. ज्या आगगाडीनें असे नवे अपघात आणले तिच्याच एका अपघातांतून हा उपाय पुढें आला.

यानंतर १९०१ मध्यें व्हिएन्ना येथें कार्ल लांडस्टायनर यांनीं रक्तगट शोधून काढले, आणि १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेट हें रक्त न गोठूं देणारें द्रव्य उपयोगांत आलें. परक्याचें रक्त आतां निर्धास्तपणें देतां येऊं लागलें, रक्तपेढ्या निघाल्या, आणि रुग्णाचें रक्त त्यालाच देण्याची खटपट मागें पडली. तिला पुन्हां चालना मिळाली ती दोन कारणांनीं. पहिलें कारण यंत्र. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाचे एडविन कोन यांनीं १९५० च्या सुमारास रक्ताचे घटक वेगळे करणारें फिरतें पात्र तयार केलें. ॲलन लेथम या यंत्रज्ञानें तें सुधारलें, आणि १९७० नंतरच्या दशकांत त्याच पात्रावर आधारलेलें ‘सेल सेव्हर’ हें यंत्र शस्त्रक्रियागृहांत आलें. दुसरें कारण भीति. १९८० नंतर एड्सचा फैलाव झाला, आणि १९८६ मध्यें भारतांतहि त्याचे रुग्ण आढळले. परक्या रक्तांतून रोग येऊं शकतो, ही जाणीव तेव्हां लोकांच्या मनांत खोल रुजली.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें याला आणखी एक कारण आहे. १९५२ मध्यें मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं एका अपूर्व रक्तगटाचा शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. तो आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. ज्याला सर्वांस चालणारें म्हणतात तें ‘ओ’ गटाचें रक्तहि या गटाच्या माणसास चालत नाहीं. कारण सामान्य रक्तांत असणारा ‘एच’ हा मूळ घटकच त्याच्या पेशींत नसतो, आणि तो घटक घेऊन आलेल्या परक्या पेशींचा त्याचें रक्त नाश करतें. भारतांत अशीं माणसें सुमारें दहा हजारांत एक. अशा माणसावर शस्त्रक्रिया करावयाची तर त्याच्या गटाचा दाता हुडकण्यांतच वेळ जातो. त्याचें स्वतःचें रक्त वांचविणें ही तेथें निव्वळ काटकसर नव्हे. तें प्राणांचें मोल आहे.

आतां यंत्राचें काम पाहूं. शस्त्रक्रियेच्या जागीं सांचलेलें रक्त एका नळीनें ओढून घेतात. त्या नळीच्या टोंकापाशींच हेपॅरिन किंवा सायट्रेट यांचे थेंब त्यांत मिसळत असतात, म्हणजे तें वाटेंत गोठत नाहीं. गाळणींतून तें एका टांकींत जातें. तेथें हाडांचे कण, गुठळ्या, कापसाचे धागे अडकतात. टांकीतून तें घंटेच्या आकाराच्या एका पात्रांत येतें, आणि हें पात्र मिनिटास सुमारें ५६०० फेरे या वेगानें फिरतें. सुपांत धान्य पाखडलें असतां जड दाणा सुपांत राहतो आणि हलकें फोल उडून जातें. तसेंच येथें होतें. तांबड्या पेशी सर्वांत जड, म्हणून त्या पात्राच्या भिंतीकडे जाऊन दाटतात. रक्तद्रव हलका, तो मध्याकडे राहून वरून बाहेर पडतो. मग पात्रांत मिठाचें सलाइन पाणी सोडून त्या पेशी धुतात, आणि धुतलेल्या पेशी पिशवींत भरून रुग्णास देतात. साधें पाणी मात्र चालत नाहीं. त्यानें पेशी फुगून फुटतात.

या धुण्यानें पुष्कळ घाण निघून जाते : फुटलेल्या पेशींतील तांबडा रंग, चरबी, गुठळ्यांचे अवशेष आणि हेपॅरिन. पण मेख येथेंच आहे. त्या पाण्याबरोबर रक्तद्रव जातो, त्यांतील रक्त गोठविणारीं द्रव्यें जातात, आणि जवळजवळ सारे बिंबाणूहि जातात. परत मिळतात त्या केवळ तांबड्या पेशी. थोडें रक्त वाहिलें असेल तर यानें कांहीं बिघडत नाहीं. पण कित्येक लिटर रक्त असें धुऊन परत द्यावें लागलें तर रुग्णाच्या नाडींत वाहणारें रक्त तांबडें असतें, प्राणवायु वाहतें, परंतु जखम झाली असतां गोठत नाहीं. म्हणून रक्त वांचविणाऱ्या यंत्रानेंच बिंबाणू वांचविण्याचा विचार करणें भाग पडलें.

हृदयाच्या शस्त्रक्रियेंत ही अडचण अधिक तीव्र होते. हृदय थांबवून त्याच्यावर काम करावयाचें तर तेवढा वेळ रक्ताला प्राणवायु देण्याचें व तें अंगभर खेळविण्याचें काम बाहेरच्या यंत्रास करावें लागतें. असें हृदय-फुप्फुस यंत्र अमेरिकेंत जॉन गिबन यांनीं १९५३ मध्यें प्रथम यशस्वीपणें वापरलें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ मध्यें माणसाच्या हृदयाचें रोपण केलें तेंहि अशाच यंत्राच्या आधारानें. पण रक्ताला परका पृष्ठभाग मानवत नाहीं. तळेगांवच्या पैसा फंड काच कारखान्याची बरणी कितीहि स्वच्छ असली तरी तिच्यांत ताजें रक्त ओतलें कीं कांचेच्या स्पर्शानेंच तें गोठूं लागेल. यंत्राच्या नळ्या कांचेपेक्षां पुष्कळ सौम्य असतात. तरी तासन्‌तास त्यांच्यांतून फिरल्यानें कांहीं बिंबाणू नळ्यांना चिकटतात, कांहीं नष्ट होतात, आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळ थकून निकामी होतात. जखमा शिवून झाल्या, आतां रक्त थांबावयास पाहिजे, त्या नेमक्या क्षणीं हे रक्षक हतबल झालेले असतात.

यावर उपाय सुचला तो असा, कीं कांहीं बिंबाणूंना या प्रवासाला पाठवूंच नये. लोणावळें, वळवण आणि शिरवता येथील तलाव टाटांनीं बांधले ते याच तत्त्वावर. चार महिने कोसळणारें पाणी अडवून ठेवावयाचें, आणि लागेल तेव्हां खोपोलीच्या वीजघराकडे सोडावयाचें. १९१५ पासून हें चाललें आहे. बिंबाणूंचा तलाव मात्र कांहीं तासांपुरता असतो. रुग्णास भूल दिल्यावर, हृदय-फुप्फुस यंत्र जोडण्यापूर्वीं, त्याच्या मोठ्या शिरेंतून थोडें थोडें रक्त सायट्रेट मिसळून काढतात आणि त्याच फिरत्या पात्रांत घेतात. या वेळीं पात्राचा वेग मात्र मुद्दाम उतरवितात. जोरानें फिरविलें तर बिंबाणू तांबड्या पेशींच्या थरावर दाबले जातात. वेग कमी केला म्हणजे ते रक्तद्रवाबरोबर तरंगत बाहेर येतात. आधीं निघतो तो निव्वळ पिवळा रक्तद्रव, मग किंचित् गढूळ दिसणारा बिंबाणूंनीं भरलेला रक्तद्रव. तो वेगळ्या पिशवींत घेतात, आणि तांबड्या पेशी लगेच रुग्णाला परत देतात. असे कांहीं फेरे झाले म्हणजे त्याच्या एकंदर बिंबाणूंपैकीं सुमारें पांचवा ते तिसरा हिस्सा पिशवींत जमा होतो.

मघांचा हिशेब येथें उपयोगी पडतो. एक लाख कोटींचा चौथा हिस्सा म्हणजे २५ हजार कोटी. म्हणजे पांच दात्यांच्या पिशव्यांइतका ऐवज रुग्णानें स्वतःच स्वतःसाठीं दिला. ही पिशवी रुग्णाजवळच, खोलीच्या उष्णतेंत, हळूहळू हलत ठेवतात. बर्फांत कधींहि ठेवीत नाहींत. तिच्यावर त्याचें नांव व वेळ लिहिलेली असते. शस्त्रक्रिया संपली, हेपॅरिनचा परिणाम प्रोटामिन देऊन उतरविला, कीं ते बिंबाणू शिरेवाटे परत सोडतात. ते ताजे असतात, थकलेले नसतात, आणि रुग्णाचे स्वतःचेच असल्यामुळें त्यांच्याशीं त्याच्या शरीराचें वैर संभवत नाहीं.

मग ही युक्ति सर्वत्र कां वापरीत नाहींत ? या प्रश्नाचें उत्तर जितकें प्रामाणिकपणें द्यावें तितकें चांगलें. हिच्यासंबंधीं १९८० व १९९० नंतरच्या दशकांत अनेक प्रयोग झाले. कांहींत परक्या रक्ताची गरज स्पष्टपणें कमी झाली. कांहींत, विशेषतः जेथें कोणास बिंबाणू दिले हें शस्त्रवैद्यासहि ठाऊक नव्हतें अशा काटेकोर प्रयोगांत, फरक फारसा दिसला नाहीं. अमेरिकेंतील वक्षशस्त्रवैद्यांच्या व भूलतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०११ मध्यें जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें त्याचा आशय असा : रक्तस्रावाचा धोका मोठा असेल आणि पुरेसे बिंबाणू खात्रीनें मिळणार असतील, तर रक्त वांचविण्याच्या इतर उपायांच्या जोडीनें ही युक्ति वापरणें योग्य ठरेल. यांतला प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. थोडेसे बिंबाणू काढले तर श्रम फुकट; आणि एकटी ही युक्ति म्हणजे रामबाण नव्हे. तांबड्या पेशी धुऊन परत देण्याच्या मूळ पद्धतीचा पुरावा याहून बळकट आहे. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यांत, तिच्यामुळें परकें रक्त घ्यावें लागण्याचा संभव सुमारें ३८ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. तथापि तो लाभ सर्व शस्त्रक्रियांत सारखा नसतो, असें २०२३ च्या नव्या आढाव्यानें दाखविलें.

धोकेहि आहेत. सायट्रेटमुळें रक्तांतील कॅल्शियम कांहीं काळ उतरतें. रक्त काढीत असतां नाडीचा दाब घसरूं शकतो. ज्याचा हिमोग्लोबिन कमी आहे, ज्याचे बिंबाणू मुळांतच थोडे आहेत, किंवा ज्याचें हृदय फार दुबळें झालें आहे, त्याच्यावर हा प्रयोग करीत नाहींत. ॲस्पिरिन अथवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याचे बिंबाणू त्या औषधानें आधींच बांधले गेलेले असतात. ते जपून ठेवून विशेष लाभ नाहीं. म्हणून कोणतीं औषधें चालूं आहेत हें वैद्यास न विसरतां सांगावें. मात्र आपल्या मनानें औषध बंद करूं नये, कारण तसें करणें हृदयरोग्यास घातक ठरूं शकतें. रक्त धुण्याच्या यंत्रासहि मर्यादा आहेत. जखमेंत पू असेल किंवा आंतडें फुटून घाण मिसळली असेल तर तें रक्त सहसा परत देत नाहींत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंत द्यावयाचें तर खास गाळणी वापरून, पूर्ण विचारांतींच देतात. शिवाय प्रत्येक रुग्णासाठीं पात्र आणि नळ्या नव्या घ्याव्या लागतात. त्यांचा खर्च थोडा नसतो, आणि यंत्र चालविणारा माणूसहि शिकलेला लागतो.

यंत्रांत मात्र सुधारणा चालू आहे. फ्रान्समधील एका कंपनीनें असें यंत्र तयार केलें आहे, कीं त्यांत रक्त फिरवून वेगळें करीत नाहींत, तर अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळतात. त्यामुळें वाहिलेल्या रक्तांतून तांबड्या पेशींबरोबर बिंबाणूहि वांचतात. हृदयाच्या शस्त्रक्रियांत त्याची परीक्षा झाली तेव्हां निम्म्याच्या आसपास बिंबाणू हातीं लागले, असें २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. आधीं काढून ठेवण्याची यातायात यानें कदाचित् वांचेल. पण परत मिळालेले बिंबाणू रुग्णाच्या शरीरांत जाऊन किती काम करतात, याचा पक्का निवाडा मोठ्या प्रयोगांनींच होईल.

तोंपर्यंत कुटुंबानें काय करावें ? शस्त्रक्रिया आधीं ठरलेली असेल तर शस्त्रवैद्यास व भूलतज्ज्ञास चार प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. या शस्त्रक्रियेंत किती रक्त जाण्याचा संभव आहे ? वाहिलेलें रक्त धुऊन परत देण्याची सोय येथें आहे काय ? बिंबाणू आधीं काढून ठेवण्याजोगी या रुग्णाची प्रकृति आहे काय ? आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून दुसरें काय करणार आहां ? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां सर्वांत मोलाचें असतें. रुग्णास पंडुरोग असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं आठवडे लोह देऊन त्याचें रक्त भरून काढणें, हा उपाय कोणत्याहि यंत्राहून स्वस्त आहे, आणि आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतींत तर तो फारच अगत्याचा. तसेंच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हें औषध. जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्यानें १९६२ मध्यें तें प्रसिद्ध केलें. झालेली गुठळी लवकर विरघळूं न देण्याचा त्याचा गुण आहे, आणि किंमतहि माफक आहे. यंत्राची चौकशी करतांना हे साधे उपाय नजरेआड होऊं नयेत.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपलेंच रक्त आपल्या कामीं येतें म्हणून परक्याच्या रक्ताची गरज संपली, असें कोणी समजूं नये. बिंबाणू आधीं काढून ठेवण्याची युक्ति ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपुरती आहे. घाटांत रात्रीं उलटलेल्या मोटारींतून ज्याला बाहेर काढलें त्याचें रक्त रस्त्यावरच सांडलेलें असतें. आधीं कांहीं काढून ठेवण्यास त्याला अवधि मिळालेलाच नसतो. बाळंतपणांत अकस्मात् रक्त जाऊं लागलेल्या स्त्रीची, किंवा ज्या मुलाचा मगज बिंबाणू तयारच करीत नाहीं त्याची गोष्टहि तीच. यांना वांचवितो तो अनोळखी दाता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालान्वयें १ जानेवारी १९९८ पासून भारतांत पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली; तेव्हांपासून हा सारा भार आप्तांवर आणि स्वेच्छेनें रक्त देणाऱ्यांवर आहे. निरोगी पुरुषास दर तीन महिन्यांनीं आणि स्त्रीस दर चार महिन्यांनीं रक्त देतां येतें. बिंबाणूंची मुदत पांचच दिवसांची असल्यामुळें वर्षांतून एकदां भरलेल्या मोठ्या शिबिरापेक्षां वर्षभर थोडे थोडे येणारे दाते रक्तपेढीस अधिक उपयोगी पडतात.

म्हणून दोन्ही गोष्टी एकाच हिशेबांत धराव्या. ज्या रुग्णाचे बिंबाणू त्याच्याच पिशवींत जपले गेले, त्यानें रक्तपेढींतील पांच दात्यांचें दान दुसऱ्या कोणासाठीं तरी मोकळें केलें. तें ज्याला मिळेल तो कदाचित् त्याच रात्रीं घाटांतून आणला जात असेल.